ओळखीची सही

दरवर्षी नोव्हेंबर महिना आला की आम्हा पेन्शनर मंडळींची एक वारी असते. बँकेत जायचे, हयातीच्या यादीत आपले नाव शोधायचे आणि त्यापुढे सही करून 'अजून आहे बरं का मी' असे सरकारला कळवायचे. २०२५ च्या नोव्हेंबरात मी या वारीला गेलो तर शाखेच्या दाराला झेंडूचे तोरण, आत फुगे, आणि टेबलावर पेढ्यांचा खोका. आमच्या गावच्या शाखेला ५० वर्षे पूर्ण झाली होती.

शाखाधिकारी म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. परप्रांतातला, पण नम्र. "सर, आप यहाँ के सबसे पुराने कस्टमर हो, दो शब्द बोलिए," असे म्हणून त्याने 'शाखेचा इतिहास' असे शीर्षक असलेला एक छापील कागद माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या वाचला. शाखा उघडल्याची तारीख, तेव्हाच्या ठेवी, आताच्या ठेवी, कर्जवाटप, संगणकीकरण, एटीएम, नवीन जागेत स्थलांतर. सगळे एका पानात बसले होते. त्या पानावर माणसाचे नाव मात्र एकही नव्हते!

मी दोन शब्द बोललो. 'बँक ही गावाची रक्तवाहिनी आहे' वगैरे. पस्तीस वर्षे शाळेत प्रमुख पाहुण्यांची भाषणे ऐकल्यावर तेवढे बोलता येतेच. पण घरी आल्यावर तो कागद काही मनातून जाईना. जे बोलायला हवे होते ते बोललोच नाही असे वाटत राहिले. ते आज इथे लिहितो आहे.

बँकेचे नाव लिहीत नाही. मी सांगणार आहे ते कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या शाखेला थोडेफार लागू पडेल. आणि दोष काढायचाच झाला तर त्यातला पहिला माझा आहे, हे वाचता वाचता कळेलच.

आमचा भाग कृष्णाकाठचा. या नदीच्या काठाने आणि आसपास एकेकाळी किती बँका होत्या ते आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. सांगली बँक १९१६ सालची. कुरुंदवाडची गणेश बँक १९२० ची. मिरज स्टेट बँक, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, बँक ऑफ कराड. कुणी संस्थानिकांच्या आधाराने, कुणी व्यापाऱ्यांच्या, कुणी वकील-डॉक्टरांच्या पैशाने उभ्या केलेल्या. आज त्यांच्यापैकी एकही आपल्या नावाने उभी नाही. मिरज स्टेट बँक १९८५ साली युनियन बँकेत गेली. बँक ऑफ कराडचे नाव १९९२ च्या रोखे घोटाळ्यात आले आणि १९९४ साली ती बँक ऑफ इंडियात विलीन झाली. २००६ साली गणेश बँक फेडरल बँकेत आणि युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली, २००७ साली सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. पाट्या बदलल्या. खातेदारांचे पैसे सुखरूप राहिले, ही मोठीच गोष्ट. पण त्या बँकांत काम केलेल्या माणसांच्या आठवणी कोणत्या बँकेत विलीन झाल्या, हे कुणी विचारले नाही.

माझे आजोबा बँक या शब्दालाच घाबरत. त्यांचेही चुकीचे नव्हते. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून सरकारने ठेवींना विमा देणारे महामंडळ काढले आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण आले. आज ती मर्यादा पाच लाख आहे, ती फेब्रुवारी २०२० पासून. आजोबांना मात्र विम्यापेक्षा धान्याच्या कणगीवर जास्त विश्वास होता. नोटा कणगीत आणि कणगीवर आजी!

मग १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यावेळी साऱ्या देशात बँकांच्या जेमतेम सव्वाआठ हजार शाखा होत्या आणि त्यातल्या खेडेगावांत दोन हजारसुद्धा नव्हत्या. साधारण ६५ हजार लोकांमागे एक शाखा. वीस वर्षांत हाच आकडा चौदा-पंधरा हजार लोकांमागे एक असा झाला. १९७७ पासून तर नियमच होता, की जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा काढायची असेल तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा काढाव्या लागत. १९९० पर्यंत हा नियम चालला. कुठल्या जिल्ह्याकडे कोणत्या बँकेने लक्ष द्यायचे, ही अग्रणी बँकेची कल्पना ज्या अभ्यासगटांच्या शिफारशींतून आली त्यातल्या एकाचे अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ होते. आमच्या गावची शाखा या लाटेतलीच. १९७५ साली उघडली.

एका वाड्याची ओसरी आणि पुढची पडवी भाड्याने घेतली होती. कॅशिअरभोवती जाळीचा पिंजरा. काउंटरवर पैसे काढायची स्लिप दिली की पितळी टोकन मिळायचे, ते मुठीत धरून बाकावर बसायचे आणि नंबराच्या पुकाऱ्याची वाट बघायची. स्लिप मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, लेजरमधून अधिकाऱ्याकडे आणि तिथून पिंजऱ्यात असा प्रवास करायची. अर्धा तास सहज जायचा. त्या अर्ध्या तासात गावातल्या लग्नांपासून पावसापर्यंत सगळे कळायचे. तिजोरीला दोन किल्ल्या, एक शाखाधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशिअरकडे. एकट्या कुणालाही तिजोरी उघडता येत नसे. मी हे उदाहरण नागरिकशास्त्राच्या तासाला सत्तेचे विभाजन शिकवताना देत असे. मुलांना ते पुस्तकापेक्षा चटकन समजे.

आमच्या शाळेचे पगार बँकेतून होऊ लागले तेव्हा माझे खाते उघडले. लेजरवर बसणारे एक क्लार्क होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बाजूला घेऊन सांगितले, "मास्तर, पैसे भरायचे तर दहा तारखेच्या आत भरा. अकराला भरलेत तर त्या महिन्याचे व्याज गेले." तेव्हा बचत खात्याचे व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरत. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मिळू लागले, तेव्हा तो नियम संपला. पण त्याआधीची कित्येक वर्षे अण्णा ज्याला त्याला दहा तारीख सांगत राहिले. भाजीवालीला सांगत, एसटीच्या कंडक्टरला सांगत. यात बँकेचा फायदा काडीचा नव्हता, उलट व्याज जास्त जायचे. मग हा माणूस का सांगत होता? त्या छापील कागदावर या प्रश्नाला जागा नाही.

जून आणि डिसेंबरची अखेर आली की वाड्यात रात्री उशिरापर्यंत दिवे दिसत. हजारो खात्यांचे व्याज हाताने काढायचे, मग बेरजा जुळवायच्या. एका वर्षी एक रुपया काही पैशांचा फरक निघाला म्हणून सगळा स्टाफ मध्यरात्र उलटेपर्यंत लेजरे चाळत बसला होता. आमच्या सौ.नी त्यांच्यासाठी पोहे करून पाठवले होते. दुसऱ्या दिवशी मी हेड कॅशिअरना म्हटले, "अहो, तो रुपया मी दिला असता!" ते हसले नाहीत. "मास्तर, रुपयाचा प्रश्न नाही. चूक कुठेतरी बसलीये आणि ती कुणाच्या तरी खात्यात बसलीये," म्हणाले. तपासायला घेतलेल्या उत्तरपत्रिका मी त्या वर्षी जरा जास्त सावकाश तपासल्या, हे कबूल करतो.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचे नेहमीचेच, आमच्या वेळी असे होते नि तसे होते! पुण्याचा माझा पुतण्या तर हे वाचून हमखास फोन करणार. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

त्या पिंजऱ्याच्या आतली माणसे चांगली होती, पण पिंजऱ्यापर्यंत पोचणे सगळ्यांना जमत नव्हते. वाड्याच्या पायऱ्या चढायला अर्धे गाव बिचकायचे. चपला बाहेर काढून आत येणारी माणसे मी पाहिली आहेत, बँक म्हणजे देऊळ असल्यासारखी. ऐंशीच्या दशकात ग्रामीण विकासाच्या योजनेतून दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली गेली. त्यात गरजूंनाही मिळाली आणि ज्यांच्या दारात आधीच चार म्हशी होत्या त्यांनाही मिळाली. एकच म्हैस कानातला बिल्ला बदलून तीन गोठ्यांत तपासणीला उभी राहिल्याचे विनोद आमच्याकडे सर्रास सांगत. ज्याची ओळख त्याला कर्ज, हे तेव्हाही होते. जुनी बँक म्हणजे रामराज्य नव्हते.

आणि ओळखीवरूनच माझी गोष्ट सुरू होते.

तेव्हा नवे खाते उघडायचे तर आधीच्या एखाद्या खातेदाराने फॉर्मवर ओळख म्हणून सही करावी लागे. या माणसाला मी ओळखतो, एवढाच तिचा अर्थ. १९८६ सालची गोष्ट असावी. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई एके दिवशी शाळा सुटल्यावर फाटकापाशी थांबली होती. रोजगार हमीच्या कामावर जाणारी बाई. नवरा दारूत बुडालेला. चारशे रुपये तिने कुठेतरी लपवून साठवले होते आणि ते घरात टिकणार नाहीत हे तिला ठाऊक होते. पदराच्या आडून तिने घडी घातलेला फॉर्म पुढे केला. "गुरुजी, बँकेत म्हणत्यात वळखीची सही पाहिजे. तुम्ही पोराला वळखता, मला वळखता. द्या की तेवढी."

मी म्हणालो, "उद्या बघू."

खरे सांगायचे तर मी घाबरलो. स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलले होते, की ओळख दिलेल्या माणसाने काही भानगड केली तर पोलीस आपल्या दारात येतात. चारशे रुपयांच्या बचत खात्यात ती बाई काय भानगड करणार होती? आणि हेही लिहायला हवे, की त्याच वर्षी एका कापड दुकानदाराच्या मुलाच्या फॉर्मवर मी चहा पिता पिता सही केली होती. ती बाई गावाबाहेरच्या वस्तीत राहत होती, दुकानदार माझ्या गल्लीत राहत होता. वर्गात मी सावित्रीबाईंवरचा धडा शिकवत होतो. बाकीचे तुमचे तुम्ही समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. काही आठवड्यांनी बँकेत गेलो तर ती बाकावर टोकन घेऊन बसलेली! मला बघून नेहमीसारखा नमस्कार केला. नंतर कळले की तिला ओळखीची सही बँकेच्या शिपायाने दिली होती. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. चहा आणणारे, लेजरे उचलणारे, व्हाउचर शिवणारे मामा. त्यांचेही त्याच शाखेत खाते होते, नियमात बसत होते. त्यांनी फॉर्म घेतला, आपला खाते नंबर लिहिला आणि सही केली. त्यांना पोलिसांची भीती वाटली नाही. मी बी.ए. झालो होतो आणि मामा चौथी.

ते खाते तिने चाळीस वर्षे चालवले. मोठा चमत्कार काही झाला नाही. मुलगा दहावीनंतर गॅरेजात लागला. नवरा गेला. पण मुलीच्या लग्नात तिने सावकाराचे तोंड पाहिले नाही, हे मला माहीत आहे.

शाखा पुढे बदलत गेली. नव्वदच्या दशकात लेजरची जागा यंत्राने घेतली, नंतर सगळ्या शाखा एका जाळ्यात आल्या. २०००-२००१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली आणि देशभरात एक लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. आमच्या शाखेतून हेड कॅशिअर, अण्णा आणि आणखी एक जण एकाच महिन्यात गेले. कुणाच्या वडिलांचे नाव काय, कुणाची सही हाताला कंप सुटल्यामुळे बदलली आहे, कुणाला दोन मुलगे असून पासबुक कुणाच्या हातात द्यायचे नाही, हे सगळे त्या तिघांच्या डोक्यात होते. ते कुठल्याही संगणकात भरले गेले नाही. पूर्वी चौदा माणसे होती, आज पाच आहेत. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात. गावातले रस्ते कळेपर्यंत ऑर्डर येते.

तरी या नव्या माणसांनाही मी कमी लेखत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस आठवा. रांग पार बसस्टँडपर्यंत जायची. लोक चिडून नको ते बोलायचे आणि आतली पोरे-पोरी रात्री दहापर्यंत नोटा मोजत बसायच्या. तेव्हाच्या शाखाधिकारी बाईंनी म्हाताऱ्यांसाठी शाळेतून बाक मागून आणले होते. त्यांची नोंदही त्या कागदावर नाही.

आता २०२५ च्या पावसाळ्याची गोष्ट. ती बाई, आता तिला सगळे अक्का म्हणतात, माझ्याच वयाची, माझ्या दारात आली. केवायसी राहिली म्हणून तिच्या खात्यातून पैसे निघत नव्हते. छपराचे पत्रे बदलायचे होते. बँकेत गेली तर यंत्रावर अंगठा उमटेना. कसा उमटणार? खडी फोडून आणि खुरपे धरून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. 'अंगूठा नहीं लग रहा, आधार सेंटर जाओ' असे सांगून तिला परत पाठवले होते. आधार केंद्रात गेली तर तिथे मोबाईल नंबर विचारला. नंबर मुलाचा, मुलगा कोल्हापूरला. दोन मजुऱ्या बुडाल्या.

मी तिच्याबरोबर गेलो. त्या मुलाला म्हणालो, "इन्हें मैं चालीस साल से जानता हूँ. मी सही देतो. या बाई त्याच आहेत."

तो खरेच अवघडला. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "सर, मैं समझता हूँ. लेकिन इसमें ऐसा कोई कॉलम ही नहीं है."

चाळीस वर्षांपूर्वी कॉलम होता आणि माझी सही नव्हती. आज सही तयार होती, तर कॉलम नाही! काउंटरच्या कडेला धरून मी क्षणभर तसाच उभा राहिलो. अक्का म्हणाली, "चला गुरुजी, ऱ्हाऊ द्या."

राहू दिले नाही. या वेळी तरी नाही. ओळखीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, यंत्राचा अंगठा हा काही एकमेव रस्ता नाही. वृद्ध, आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या जुन्या सूचना आहेत. सही करता येत नसेल तर शाईचा अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही, मात्र बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना गरजेनुसार घरपोच सेवा द्यावी, असेही ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात आहे. मी हे सगळे कागदावर लिहून पुन्हा गेलो. त्या मुलाने वाचले, वरच्या ऑफिसला फोन केला, दोन दिवस मागितले. चौथ्या खेपेला केवायसी कागदावर झाली आणि अक्काच्या शाईच्या अंगठ्याशेजारी मी साक्षीदार म्हणून सही केली. चाळीस वर्षे उशिरा.

यावरून माझे मत झाले आहे ते असे.

पुतण्या म्हणेल, "काका, ओळखीवर चालणारी बँक नको म्हणूनच तर हे सगळे आणले." त्याचे बरोबर आहे. आज खाते उघडायला कुणा मास्तरची सही लागत नाही, ही फार मोठी सुधारणा आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, त्यातून पन्नास कोटींहून अधिक खाती उघडली गेली. आजच्या काळात अक्का माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या फाटकाशी उभी राहिली नसती. ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण दार उघडले म्हणून आत माणूस नसला तरी चालेल, असे कुणी ठरवले? ओळख दोन प्रकारची असते. एक दारावर अडवणारी, 'तू कोणाचा?' असे विचारणारी. ती गेली हे चांगलेच झाले. दुसरी, अडचणीच्या वेळी 'या त्याच आहेत' असे सांगणारी. ती पहिलीबरोबर वाहून गेली, आणि ते आपल्या लक्षातही आले नाही. नियम सगळे जागेवर आहेत. साक्षीदाराचा नियमही आहे. पण बँकेला माहीत असलेला साक्षीदार म्हटले, की बँकेत कुणालातरी काहीतरी माहीत असावे लागते. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या पाच जणांना ते कसे माहीत असणार? त्यात त्या पोरांचा काय दोष? त्यालाही घरापासून हजार मैलांवर टाकले आहे आणि रोज संध्याकाळी विम्याची पॉलिसी किती विकली ते विचारले जाते.

म्हणून माझ्या मते प्रत्येक शाखेत निदान एक तरी माणूस असा हवा, जो तिथलाच आहे, तिथली भाषा बोलतो आणि दीर्घकाळ तिथेच राहणार आहे. बाकीच्यांच्या बदल्या करा. गैरव्यवहार होऊ नयेत म्हणून बदल्या लागतात, हे मला समजते. त्या एकाला तिजोरीची किल्लीसुद्धा देऊ नका. पण त्याला सांगण्याचा अधिकार द्या, की हिला मी ओळखतो. मामांकडे कुठे किल्ली होती?

दुसरे आपल्यासाठी. आपण शिकलेली माणसे घरी बसून मोबाईलवर पैसे पाठवतो आणि बँकेची रांग टळली म्हणून खूश होतो. रांगेत उरतात त्या अक्का. महिन्यातून एकदा अशा कुणाबरोबर बँकेत जायला आपल्याला काय होते? मी आता दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत जातो. तारखेला आता अर्थ उरलेला नाही, पण अण्णांची सवय.

तिसरे, शाखेचा इतिहास लिहायचा तर तो माणसांचा लिहा. २०१७ साली देशात सत्तावीस सरकारी बँका होत्या, १ एप्रिल २०२० ला बारा उरल्या. उद्या आणखी कमी होतील. पाटी बदलली की मुख्य कचेरीतल्या फायलीही बदलतात. गावाने लिहून ठेवले नाही तर ही माणसे कुणाच्याच हिशेबात राहणार नाहीत.

मी सुरुवात केली आहे. त्या छापील कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर १९७५ पासून आठवतील ती नावे आणि साले लिहून काढली. एकतीस झाली. त्याची झेरॉक्स शाखाधिकाऱ्याला नेऊन दिली. त्याने ती वाचली आणि विचारले, "सर, ये किसको भेजना है?" मी म्हणालो, कुठे पाठवू नको, इथेच लाव. त्याने ती सूचना फलकावर, व्याजदरांच्या शेजारी, टाचणीने लावली आहे. किती दिवस राहील कोण जाणे.

आता एक विनंती. त्या यादीत एक जागा मोकळी आहे. मामांचे नाव मला आठवत नाही. आठवत नाही हेही खरे नाही, ते मला कधी माहीतच नव्हते. वीस वर्षे त्यांच्या हातचा चहा प्यालो आणि 'मामा' याच्या पलीकडे कधी विचारले नाही. अक्कालाही ठाऊक नाही. तिच्या १९८६ च्या फॉर्मवर ते असणार, पण जुने फॉर्म २००५ च्या पुरात भिजून गेले असे सांगतात. आमच्या गावचे कुणी हे वाचत असेल, घरात कुणा वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, तर जरूर कळवा. वाड्यातल्या बँकेतले मामा, कानात बाळी होती, डाव्या पायाने किंचित लंगडत. फलकावरचा कागद काढण्याआधी तेवढे नाव लिहायचे आहे.